मेथीचं चाटण

आसारामनं माळ उतरवली ही बातमी गावात ज्या वेगानं फिरली, त्या वेगानं पाणी फिरलं असतं तर पाथर्डी तालुक्याचं सोनं झालं असतं. एकजण म्हणाला, बाजाराच्या दिवशी खानावळीत मटण हाणताना मी डोळ्यांनी बघितलं. दुसरा म्हणाला, मटणाचं काय घेऊन बसलात, हातात बाटली होती बाटली! आता बाटली होती हे खरं. पण तिच्यात काय होतं हे त्या बोलणाऱ्याला कळलं असतं, तर त्याची दातखीळ बसली असती. असो. लोकांच्या तोंडाला कुणी टाळं लावलंय?

हा आसाराम म्हणजे गावचा विणेकरी. डोंगराच्या पायथ्याला थोडी हलकी जमीन, बाजरी आणि हुलगे पिकवायचे, दोन शेळ्या, एक म्हातारा बैल. माणूस अबोल. बायकोशीसुद्धा चार शब्दांच्या वर बोलायचा नाही. पण विठ्ठलाच्या देवळात कार्तिकाचा सप्ताह बसला की पहाटेची वीणा त्याची, हे ठरलेलं. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, अशी ती सात दिवस उभीच असते. पहाटेच्या गारठ्यात बाकीचे घोंगडीत शिरून बसायचे, आणि आसाराम मात्र देवापुढं ताठ उभा. गळ्यात बापानं घातलेली तुळशीची माळ. तेवढ्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. दुसरं काही अभिमान धरावं असं नव्हतंही त्याच्याकडं.

त्याची बायको गोजरबाई. तीही माळकरी, आणि नवऱ्यापेक्षा चार पावलं पुढं. बिनमाळकऱ्याच्या हातचं पाणी प्यायची नाही. तिच्या सख्ख्या भावानं माळ सोडली, तेव्हा त्याच्या पोरीच्या लग्नाला गेली ती फडक्यात भाकरी बांधून. मांडवात सगळी बुंदी खात होती, आणि ही कोपऱ्यात बसून आपली कोरडी भाकरी मोडत होती. भाऊ पाया पडला, भावजय रडली. ही म्हणाली, "तुमच्यावर राग न्हाई. पन माजा नेम हाय." ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आसारामनं ती ध्यानात ठेवली असती तर बरं झालं असतं.

गोजरबाईच्या अंगात एक गुण होता. तान्ह्या पोरांना न्हाऊ घालावं ते तिनंच. न्हाणीच्या दगडावर बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायची, दोन्ही पाय लांब सोडायची आणि पोर पायावर पालथं टाकायची. घरदार डोक्यावर घेणारं पोर तिच्या पायावर पडलं की दोन तांब्यांत गप्प व्हायचं, आणि तिसऱ्या तांब्याला डोळे मिटायचं. आळीतली सगळी पोरं तिच्या पायावरून गेलेली. पुढं त्यांना मिसरूड फुटलं तरी ती म्हणायची, "ए बाबा, माज्याम्होरं लई ताठू नगं. माज्या पायावर मुतलायस तू." स्वतःची पोटची दोन गेली. एकटी चांगुणा जगली, आणि तिला दिली देवळाली प्रवराला, उसाच्या पट्ट्यात, पाण्याच्या गावी. लेक सुखात पडली म्हणून दोघं निवांत झाली.

आणि तेव्हाच गोजरबाईचे हात धरायला लागले. सकाळी उठावं तर बोटं सुजून टम्म, मूठ वळेना. ऊन अंगणात येईपर्यंत तांब्यासुद्धा उचलवायचा नाही. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं, तर म्हणायची, धूर झालाय. मग मनगटं धरली, मग गुडघे. काय केलं नाही? निरगुडीचा शेक झाला, बिब्ब्याचे चटके झाले, मढीच्या नाथाला नवस झाला, कुणी सांगितलं म्हणून एरंडेल झालं. शेवटी आसारामनं तिला गाडीत घालून पाथर्डीला विष्णुपंत डॉक्टरांकडं नेलं.

विष्णुपंत म्हातारा माणूस, तोंडानं फटकळ पण मनानं चांगला. त्यांनी बोटं दाबून बघितली, गुडघे दाबून बघितले आणि आसारामला बाजूला घेऊन सांगितलं, "हा आमवात. राखणीला ठेवलेलं कुत्रं मालकालाच चावत सुटावं, तसं तिचं रक्त तिच्याच सांध्यांना चावतंय. मुळासकट जाईल असं औषध माझ्याकडं नाही. गोळ्या देतो, त्यानं ठणका उतरेल." गोळ्यांनी ठणका उतरला, पण पोटात आगीचा डोंब उसळायला लागला. काळी शौचाला झाली तेव्हा डॉक्टरांनीच गोळ्या बंद केल्या. मग म्हणाले, "एक आहे. औषध म्हणू नका, पोषण म्हणा. माशाच्या काळजाचं तेल मिळतं बाटलीत. रोज मोठा चमचाभर, तीन-चार महिने. काहींना गुण येतो, काहींना नाही."

आसारामनं गळ्यातल्या माळेला हात लावला. डॉक्टरांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणूनच तिच्यापुढं बोललो नाही."

तो तसाच परत आला. तोंडातून ब्र काढला नाही. माळकऱ्याच्या घरात मासा? छे! विषय संपला.

पण श्रावणात जावई आला, आणि ओट्यावर बसून लाजत लाजत म्हणाला, चांगुणाला तिसरा महिना चालू आहे. गोजरबाईच्या तोंडावर असं हसू आसारामनं कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे तर जगरहाटीच. ती जावयाला म्हणाली, "माघात पोर माज्या पायावर न्हाईल बगा." जावई गेला. दुपारी आसाराम रानातून आला तर ही भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही गुडघे वर आलेले, आणि आपल्याच वाकड्या हातांनी ती ते गुडघे खाली दाबत होती. दात ओठांत रुतलेले. गुडघे खाली जात नव्हते. आसाराम दारातच थांबला आणि पाऊल न वाजवता मागं फिरला. पुढच्या बाजाराला त्यानं बाटली आणली.

गोठ्याच्या आढ्यात, जुन्या मोटेच्या चामड्यामागं ती बाटली राहिली; संपली की बाजारातून दुसरी यायची. वास म्हणजे काय सांगावं! बूच काढलं की म्हाताऱ्या बैलानंही मान फिरवावी. तो वास झाकायला त्यानं मेथी भाजून कुटली, तिच्यात सुंठ घातली, ओवा घातला, हिंग घातला, गूळ घातला, आणि त्यात तेल कालवून चाटण केलं. गोजरबाईला सांगितलं, वैदूनं सांगितलंय, बाप्या मानसाच्या हातानंच करायचं आसतंय. ती हसली. तिची बोटं चाटण धरायचीही नाहीत, म्हणून रोज सकाळी तोच तिच्या तोंडात घालायचा. ती तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "काय वो ह्ये! शेळीसुदिक थुकून टाकंल." पण थुंकायची नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या हातचा घास तिनं पहिल्यांदा त्या श्रावणात खाल्ला. खोटं कशाला बोला, दोघांनाही ते गोड लागायचं.

भादवा गेला, काही फरक नाही. दसऱ्याला ती म्हणाली, आज बोटं जरा हलकी वाटत्यात. दिवाळीत तिनं चार करंज्या मुरडल्या, वेड्यावाकड्या, पण मुरडल्या. आणि एक दिवस आसाराम घरात आला तर ती जमिनीवर बसलेली आणि पाय लांब! अगदी सरळ नाही, गुडघ्याखालून मांजराचं पिल्लू गेलं असतं एवढी फट होती, पण लांब. ती म्हणाली, "इठ्ठलानं ऐकलं बगा." आसाराम व्हय म्हणाला आणि गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर डोकं टेकवून उभा राहिला.

इथवर सगळं ठीक होतं. इथंच थांबला असता तर! पण भोळ्या माणसाचं मन म्हणजे एक वैताग असतो. कार्तिकाचा सप्ताह बसला. पहाटे आसाराम देवळात गेला, सप्ताह चालवणाऱ्या मच्छिंद्रबुवांनी वीणा पुढं केली, आणि त्याला आपल्या बोटांना माशाचा वास आला. राखेनं घासलेली बोटं, शिकेकाईनं धुतलेली बोटं, तरी वास आला. पुढं विठ्ठल उभा. बायकांच्या घोळक्यात गोजरबाई काठीला टेकून उभी, आणि शेजारणीला सांगत होती की हा सगळा देवाचा प्रसाद. आसारामचा हात पुढं होईना. त्यानं मनाशी हिशेब केला. बायकोचा नेम आपण मोडला. तिला ठाऊक नाही, म्हणजे तिला पाप नाही. पाप आपलं. मग आपलंच काहीतरी गेलं पाहिजे. त्यानं गळ्यातली माळ काढली, बुवांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "बुवा, ह्या गळ्यात आता ही नगं."

बुवा म्हणाले, "आरं, झालं काय?"

"इचारू नका," एवढंच म्हणाला आणि देवळाबाहेर गेला.

त्याला वाटलं, देवाचं देणं फिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाटण घेऊन गोजरबाईपुढं बसला. तिनं तोंड उघडलं नाही.

"काय खाल्लं?" तिनं विचारलं.

"कायबी न्हाई."

"मंग माळ का उतरली?"

आसाराम तरी काय सांगणार? सांगितलं की तुला मासा चारला, तर ही बाई उपाशी राहून प्राण देईल, अशी त्याची खात्री. त्यानं चाटण तसंच पुढं धरलं, आणि तिनं मान फिरवली. "म्या सख्ख्या भावाच्या घरचं पानी न्हाई प्याले," ती म्हणाली, "तुमच्या हातचं कशी खाऊ?" आणि ती रडली. तोही रडला असता, पण पुरुषाच्या जातीनं रडायचं तरी कुठं?

बघा कसं झालं ते! ज्या पापासाठी माळ उतरवली, त्या पापाचा गुण मिळण्याची वाटच त्यानं आपल्या हातानं बुजवली. त्या दिवसापासून चाटण करायला लागली त्याची भावजय बायडाबाई. तीही माळकरी. मेथी तीच, सुंठ तीच, ओवा तोच, गूळ तर जास्तच. फक्त तेल नाही. बायडाबाई आपल्या घरी ते करायची, झाकून आणायची आणि समोर बसून भरवायची. बायडाबाईला सांगावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळच्या आत ते साऱ्या गावाला कळलं असतं. आसाराम दारातून बघायचा. गोठ्यात अर्धी बाटली तशीच होती.

मार्गशीर्षात सातव्या महिन्यात चांगुणा आली. तोपर्यंत बोटं पुन्हा सुजलेली. पौषाच्या थंडीत गुडघे वर आले ते वरच राहिले. गोजरबाई म्हणायची, थंडीचं हाय, माघात ऊन लागलं की सुटतील. माघात ऊन लागलं. चांगुणाला मुलगी झाली, गोरीपान, डोकंभर जावळ. आणि गोजरबाई भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

पोरीला न्हाऊ घालायला बायडाबाई यायची. हात राकट, पाणी भसाभस. पोर किंचाळायची. गोजरबाई लांबून ओरडायची, "मान धर! आगं, कानात पानी गेलं! ताई, हळू!" मग एके सकाळी बायडाबाई नात्यातल्या कुणाच्या तरी मातीला गेली. पाणी तापलेलं, पोर उपाशी आणि घाण. गोजरबाई म्हणाली, "आना हिकडं, मी घेते." चांगुणा नको नको म्हणत होती. तरी ती ढुंगणावर सरकत सरकत न्हाणीच्या दगडापर्यंत गेली, पाय जेवढे पुढं होतील तेवढे केले आणि पोर पायावर घेतली. पण गुडघ्यांची झाली होती उतरण. पहिला तांब्या पडला, ओलं अंग घसरलं, वाकड्या बोटांना धरवलं नाही. चांगुणानं झडप घातली म्हणून दगडावर आपटता आपटता वाचली पोर. लागलं काही नाही. पण गोजरबाई तशीच ओल्यात बसून राहिली. मग म्हणाली, "पोरगी माज्याजवळ आनू नका आता."

आसारामनं तिला उचलून आत आणलं. हातचं खात नव्हती, पण उचलण्यापुरता त्याचा हात तिला चालायचा, दुसरा इलाजच नव्हता. कोरडं लुगडं गुंडाळलं. ती छताकडं बघत म्हणाली, "कोन्त्या जल्मी कुनाच्या लेकराला म्या पायानं ढकललं आसंल, म्हून द्येवानं ह्ये पाय आसं क्येलं? द्यायचं हुतं तर दिवाळीला द्येऊन परत का न्हेलं?"

आता मात्र आसारामला राहवलं नाही. "द्येवानं न्हाई न्हेलं," तो म्हणाला. "म्या न्हेलं. तुजं काय पाप न्हाई. माजं हाय." आणि त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टर, बाटली, गोठा, चाटण, बोटांचा वास, वीणा. आयुष्यात एवढं लांब तो कधी बोलला नव्हता.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माशाचं?"

"व्हय."

"आन त्यानंच पाय सुटलं हुतं?"

"मला तरी आसंच वाटलं."

तो वाट बघत बसला की आता ही कपाळ बडवील, आता ओकेल, आता शाप देईल. तिनं तसलं काहीच केलं नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आवं, मग मला का न्हाई इचारलं?"

आसारामला कळेना. "इचारून तू घ्येतलं आस्तं? भावाच्या घरी पानी न पिनारी तू?"

"तवा तहान माज्या एकलीची हुती," गोजरबाई म्हणाली. "ह्ये लेकीचं पोर हुतं. म्या सोत्ता माळ काडून बुवाम्होरं ठिवली आस्ती आन बाटली तोंडाला लावली आस्ती. इठ्ठलाला सांगितलं आस्तं, पोर न्हाऊ घालू दे, मंग काय दंड करायचा त्यो कर. तुमी आन डाक्टरनं माज्या पायाचं ठरवलं, आन मलाच न्हाई इचारलं." तिचा आवाज फुटला. "एकदा इचारायचं हुतं वो."

तिनं आपली माळ काढायला हात वर नेला, पण बोटांना गाठ सुटेना. "सोडा," ती म्हणाली. आसारामनं सोडली आणि खुंटीला अडकवली. मग ती म्हणाली, "आना ती बाटली." त्यानं आणली. तिनं नाक दाबून चमचा घेतला, अंगावर शहारा आला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मेथीत बरं लागत हुतं."

पाथर्डीला नेलं तेव्हा विष्णुपंतांनी गुडघे चाचपून मान हलवली. "सांधे बसले आता. तेल घ्या, ठणका थोडा कमी झाला तर झाला. पाय सरळ व्हायचे नाहीत." आसारामनं विचारलं, "मदी तुटलं नस्तं तर?" म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा गुडघे चाचपले. मग म्हणाला, "हा आजार आपल्या मनानं चढतो, आपल्या मनानं उतरतो. तेलानं उतरला होता की नुसताच उतरला होता, हे मला छातीला हात लावून सांगता येत नाही." व्हय म्हणाले असते तर आसारामनं ते सोसलं असतं, न्हाई म्हणाले असते तरी सोसलं असतं. हे मात्र त्याला जन्मभर पुरलं.

चांगुणा सासरी निघायच्या आधीची गोष्ट. सकाळी पाणी तापलं होतं आणि बायडाबाई यायची होती. गोजरबाई आसारामला म्हणाली, "बसा."

"कुठं?"

"न्हानीत. दगडावर. धोतर वर घ्या आन पाय लांब करा."

बाप्या माणसानं बाळ न्हाऊ घालायचं? गावानं आधीच काय कमी बोलून घेतलं होतं? बायडाबाई दारात आली ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. पण आसाराम बसला. त्यानं पाय लांब केले. चांगुणानं पोर त्याच्या पायावर पालथी टाकली. गोजरबाई उंबऱ्याला टेकून सांगत होती, "टाचा जुळवा. गुडघं जरा फाकवा, मधी खोळ झाली पायजे. डाव्या हातानं छाती धरा. पानी पाठीवरनं, मानेवर न्हाई. हळू." पोर एकदा किंचाळली. दुसऱ्या तांब्याला गप्प झाली. तिसऱ्याला तिनं गाल आजाच्या नडगीवर टेकवला आणि डोळे मिटले.

बायडाबाईचं हसू थांबलं. आसारामचा जीव आनंदानं भरून आला आणि त्यानं वर बघितलं, गोजरबाईला दाखवायला. पण ती पोरीकडं बघतच नव्हती. ती त्याच्या सरळ पायांकडं बघत होती.